निराधारचा पगार चालू असताना अर्ध्या दिवसाचं काम कसं धरावं

तहसीलच्या व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसलं की हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतोच. "काऊन भाऊ, काम धरलं तं पगार बंद होते काय?" पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत त्याला अनुदान कोणी म्हणत नाही.

मलाही हाच प्रश्न पडला होता. रोटावेटरमध्ये डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्यानंतर तीन वर्षं मी घरीच होतो. चौथ्या वर्षी तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात बिलं फाडायचं काम चालून आलं, सकाळचे चार तास. चक्कीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पहिल्या महिन्यातच बंद होते. सेतूवरचा पोरगा म्हणाला, कोण विचारते, धरा बिनधास्त. दोघंही चुकीचे निघाले, पण हे कळायला मला वर्ष लागलं आणि मधल्या काळात चार महिन्यांचे पैसे अडकले. ते तुमचे अडकू नयेत म्हणून हे सगळं लिहितो आहे.

उत्तर थोडक्यात असं आहे. दिव्यांगाला हे पैसे दोन कागदांवर मिळतात. एक, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. दोन, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला. काम केल्यानं पहिला कागद बदलत नाही, दुसरा बदलू शकतो. आणि ५० हजारांची रेषा ओलांडली की पैसे थोडेथोडे कमी होत नाहीत, पूर्ण जातात. म्हणून काम धरावं की नाही यापेक्षा किती धरावं, हा प्रश्न आधी सोडवायचा.

आधी पाहा, तुमचे पैसे कुठून येतात

पासबुक आणि मंजुरीचा आदेश समोर घ्या. आपण कोणत्या योजनेत आहोत हे अर्ध्या लोकांना माहीत नसते, कारण अर्ज दुसऱ्याच कोणी तरी भरलेला असतो.

वय १८ ते ६५, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि उत्पन्न मर्यादेत, तर तुम्ही संजय गांधी योजनेत. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि उरलेले राज्य घालते. दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाली, आधी ती १,५०० होती. पैसे आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात.

जिनिंग, दाल मिल किंवा एमआयडीसीत काम करताना इजा झाली असेल आणि कामगार विम्यात नाव असेल, तर तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं. तिथे दोन प्रकारचे पैसे आहेत. तात्पुरत्या अपंगत्वाचे, म्हणजे मजुरीच्या साधारण ९० टक्के, हे तुम्ही कामावर नसाल त्याच दिवसांचे मिळतात. त्या दिवशी मजुरी घेतली की त्या दिवसाचा लाभ नाही. कायमच्या अपंगत्वाचे पैसे मात्र कमाईची शक्ती किती गेली त्यावर वैद्यकीय मंडळ ठरवते, आणि ते काम पुन्हा धरल्यावरही चालू राहतात. बुटीबोरीत बोटं गमावलेला एक जण माझ्या ओळखीचा आहे. पेन्शन जाईल या भीतीनं तो दोन वर्षं काम नाकारत बसला. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मिळालेले पैसे एकदाच मिळतात. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. नंतर तुम्ही काम केलं म्हणून ते कोणी परत मागत नाही. अपघात दाव्याच्या भरपाईचंही तसंच.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून घ्या. त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर बसवता येत नाही. तुम्हाला पुढचा हिशेब लागू नाही.

टक्केवारी कमी होईल ही भीती

ही भीती सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत बिनकामाची. प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराच्या हानीवरून मोजतात. पाय कुठून कापला गेला, सांधा किती वाकतो, डोळ्याला किती दिसते, असं. तुम्ही दुकानात बसता की घरी, याचा तिच्याशी संबंध नाही. माझे ६० टक्के आहेत, बिलं फाडून ते ५९ झाले नाहीत.

एक मात्र पाहून ठेवा. प्रमाणपत्रावर 'तात्पुरतं' लिहिलं असेल तर खाली मुदतीची तारीख असते. ती काम धरायच्या आधी बघा, कारण मुदत संपली आणि त्याच महिन्यात तुम्ही कामावर दिसलात, तर गावाला दोन्ही गोष्टी जोडायला वेळ लागत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आताच काढा. ४० टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, ४० ते ८० ला पिवळी, ८० च्या वर निळी. कार्ड एसटीतही कामात येते, ते पुढे सांगतो.

हिशेब

इथे वही घेऊन बसा. मोबाईलवर नको, वहीतच, कारण हीच वही नंतर दाखवायची आहे.

पहिल्या पानावर घराचं सध्याचं वर्षाचं उत्पन्न लिहा. एप्रिल ते मार्च. फक्त तुमचं नाही, कुटुंबाचं. बायकोची निंदणीची, कापूस वेचणीची मजुरी, वावर मक्त्यानं दिलं असेल तर मक्त्याचे पैसे, शेळ्या विकल्या असतील तर ते. आमच्या घरचं असं होतं: बायकोची मजुरी १४,००० आणि दोन एकर कोरडवाहूचा मक्ता १०,०००. एकूण २४,०००.

(गावातल्या निम्म्या घरांचं उत्पन्न दाखल्यावर बरोबर २१ हजार असते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. २१ हजार ही दिव्यांग सोडून बाकीच्यांसाठी निराधारची मर्यादा. मर्यादेएवढं उत्पन्न सगळ्यांच्या घरी येते, देवाची करणी. पण तुम्ही काम धरणार असाल तर तो खेळ सोडा. घरात बसलेल्या माणसाच्या २१ हजारांकडे कोणी पाहत नाही, रोज एसटीनं तालुक्याला जाणाऱ्याच्या २१ हजारांकडे सगळे पाहतात.)

आता काम मोजा. मालक मला रोज बोलवत होता, महिन्याचे २४ दिवस, ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००. घरचे २४,००० मिळवले की ७२,०००. रेषा ओलांडली, निराधारचे वर्षाचे ३०,००० गेले. हाती ७२,०००.

मी म्हटलं, आठवड्यातून तीनच दिवस येतो, महिन्याचे १२. दर तोच, म्हणजे २,०००. वर्षाचे २४,०००, घरचे २४,०००, एकूण ४८,०००. रेषेच्या आत. वर निराधारचे ३०,०००. हाती ७८,०००.

अर्धं काम करून सहा हजार जास्त. हे गणित मी तीनदा केलं, कारण विश्वास बसत नव्हता. आमच्या घरासाठी महिन्याला साधारण २,१६० रुपयांपासून ४,६६० पर्यंतची कमाई म्हणजे खड्डा आहे. त्या पट्ट्यात कितीही काम केलं, तरी कमी काम करून पगार ठेवणाऱ्यापेक्षा मागेच राहाल. ४,६६० च्या वर गेलं तरच पगार सोडायला अर्थ. तुमच्या घरचा आकडा वेगळा निघेल. काढायची रीत सोपी आहे: ५०,००० मधून घरचं उत्पन्न वजा करा, १२ ने भागा. उरेल ती तुमची महिन्याची जागा. खड्ड्याचं दुसरं टोक हवं असेल तर त्या जागेत २,५०० मिळवा, साधारण तेवढ्यावर येते.

यातून एक गोष्ट शिकलो. रेषेच्या आत राहायचं असेल तर दिवस कमी करा, दर कमी करू नका. बरेच जण उलट करतात. मालकाला म्हणतात, रोज येतो, कमीच द्या, कागदावर नको. यात शरीर पूर्ण दिवसाचं झिजते आणि दर एकदा पडला की परत वर येत नाही.

मग राशन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं. निराधारची रेषा ५० हजारांची असली तरी खेड्यात प्राधान्य कुटुंबाच्या राशनची रेषा ४४,००० ची आहे. माझे ४८,००० निराधारला चालत होते, राशनला नाही. माणशी महिन्याला ५ किलो फुकटचं धान्य, आम्ही घरात तिघं, म्हणजे वर्षाचं १८० किलो. ते घालवणं परवडत नाही. उपाय उन्हाळ्यानं दिला. कृषी केंद्रात एप्रिल-मेमध्ये तसंही काम नसते आणि ४५ अंशांत कृत्रिम पाय घालून एसटी स्टँडवर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. दोन महिने सुट्टी घेतली. दहा महिन्यांचे २०,०००, घरचे २४,०००, बरोबर ४४,०००. राशनचं पिवळं कार्ड असेल तर आणखी जपून, त्याची ग्रामीण मर्यादा १५,००० आहे, आणि अंत्योदयात महिन्याला ३५ किलो मिळते.

दवाखान्याची काळजी इथे करू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता उत्पन्नावर अडत नाही, काम धरल्यानं ती जात नाही.

बायांसाठी एक: निराधारचे पैसे घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे १,५०० वेगळे मिळत नाहीत. हिशेबात दोन्ही धरू नका.

शेवटी खर्च. माझ्या गावाहून तालुक्याचं तिकीट ४० रुपये धरा. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे १० रुपये. १२ दिवस येणं-जाणं २४० रुपये. तेच काळीपिवळीनं गेलो तर ९६०, कमाईच्या जवळपास निम्मे. म्हणून काम ठरवण्याआधी मी एसटीचं वेळापत्रक पाहिलं. सकाळची गाडी पावणेआठला, परतीची दीडला. माझी कामाची वेळ साडेआठ ते साडेबारा झाली ती या गाडीमुळे, मालकामुळे नाही.

शरीराची परीक्षा

कामाला हो म्हणण्याआधी पंधरा दिवस घरीच नाटक करा. ज्या वेळी गाडी धरायची त्या वेळी तयार व्हा, चार तास एका जागी बसा, मग पुन्हा तेवढंच चाला. मला वाटलं होतं चालणं जड जाईल. जड गेलं बसणं. गुडघ्याखाली उरलेला भाग लटकत राहिला की सुजतो, मग पाय परत सॉकेटात, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, बसत नाही. दुकानातल्या स्टुलावर पहिल्याच दिवशी हे झालं. दुसऱ्या दिवशी मालकानं कीटकनाशकाचं रिकामं खोकं पायाखाली दिलं, त्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली. अजूनही तेच खोकं आहे.

पावसाळा आणखी वेगळा. काळ्या मातीत ज्यांनी कृत्रिम पाय घालून चालून पाहिलं नाही त्यांना कळणार नाही. माती रबरी पंजाला चिकटते, चार पावलांत पंजा दुप्पट होतो, आणि चांगला पाय चिखल जाणवून झटकता येतो तसा हा झटकता येत नाही. डोळ्यांनी पाहावं लागते. बसस्टॉपपर्यंतचा कच्चा रस्ता माझा तीनशे पावलांचा. जुलैत मी घरून साध्या कुबड्यांवर जातो, पंजा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि स्टॉपवरच्या ठेल्यावर पिशवी सोडतो. ठेलेवाला ती पिशवी दुपारपर्यंत सांभाळतो.

घामाचं औषध म्हणजे दोन सॉक्स. एक घातलेला, एक पिशवीत. साडेदहाला मागे गोदामात जाऊन बदलायचा. तांबडा चट्टा दिसला की दुसऱ्या दिवशी घरी राहायचं. एका दिवसाची रोजी वाचवायला गेलो आणि जखम झाली तर तीन आठवडे जातात, हे मी एकदा करून पाहिलं आहे.

तुमचं दिव्यांगत्व वेगळं असेल तर परीक्षाही वेगळी. डोळ्यांचं असेल तर संध्याकाळी परतीच्या वेळी उजेड किती असतो ते डिसेंबरात पाहा, मेमध्ये नाही. मानसिक आजाराची गोळी असेल तर ती सुस्ती दिवसाच्या कोणत्या तासाला येते ते पंधरा दिवस लिहून ठेवा आणि कामाची वेळ त्याच्या बाहेर मागा. कान ऐकत नसतील तर गिऱ्हाइकी असलेलं काम नाकारण्याची गरज नाही, वही आणि पेन काउंटरवर ठेवा. आमच्याकडे काट्यावर एक जण असाच बसतो, कापसाची गाडी लागली की आकडा लिहून दाखवतो. त्याच्या काट्यावर भांडण कमी होते असं कास्तकारच सांगतात.

मालकाशी बोलताना

खेड्यातल्या दुकानदाराला कायद्याचं कलम दाखवून काही होत नाही. तो फक्त घाबरतो आणि काम देत नाही. पण मागायचं ते नेमकं मागा. 'जरा सांभाळून घ्या' असं म्हणू नका, त्यातून काहीच निघत नाही. मी चार गोष्टी मागितल्या: तीन ठरलेले दिवस, पोती उचलणार नाही, साडेदहाला दहा मिनिटं, आणि पगार खात्यात. पोत्यांचं त्याला पटलं नव्हतं. "खताची गाडी आली तं हात लावा लागन ना भाऊ." मी म्हटलं, गाडी येते त्या दिवशी मी पावत्या मिळवतो, उचलणारा वेगळा बोलवा. जूनमध्ये पहिल्याच गाडीला त्याला पावत्यांत दोन बॅगांचा फरक सापडला. मी मोजून बसलो होतो म्हणून सापडला. त्यानंतर पोत्यांचा विषय निघाला नाही.

एका साध्या कागदावर लिहून घ्या: किती दिवस, किती तास, किती रुपये, कधीपासून. दुकानाचा शिक्का आणि सही. तीन ओळी पुरतात. मालक का-कू करेल, त्याला वाटेल हा कुठे तरी तक्रार करणार. त्याला खरं सांगा, की हा कागद पटवाऱ्याला दाखवायचा आहे.

कामाचा पगार निराधारच्या खात्यात घेऊ नका. वेगळं खातं ठेवा. लपवायला नाही, ओळखायला. एकाच पासबुकात २,५०० आणि २,००० आळीपाळीनं दिसायला लागले की निराधारचे कोणते महिने आले आणि कोणते राहिले हे तुम्हालाच सापडत नाही.

तहसीलीत काय सांगायचं

माझे चार महिने अडकले ते याच पायरीवर. मी काम धरलं, कोणाला सांगितलं नाही, जुन्या दाखल्यावर चालू ठेवलं. कागद तपासायची वेळ आली तेव्हा गावातल्या कोणी तरी तोंडी सांगितलं की हा माणूस नोकरी करतो. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. उत्पन्न मर्यादेत होतं, पण मर्यादेत आहे हे सिद्ध करायला वही नव्हती, मालकाचा कागद नव्हता. चार महिने चपला झिजवल्या. खरं तर एकच चप्पल.

तेव्हा क्रम असा ठेवा. काम सुरू झाल्यावर पुढच्या वेळी उत्पन्नाचा दाखला काढताना खरं उत्पन्न सांगा. आधी पटवाऱ्याकडे जा. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून पटवारीच. वही आणि मालकाचा कागद दाखवा, अहवाल घ्या, मग सेतूवर किंवा आपले सरकार केंद्रावर दाखल्याचा अर्ज करा. स्वयंघोषणापत्रावर सही करायच्या आधी वाचा. माहिती खोटी निघाली तर शिक्षेला पात्र राहीन, असं तुम्ही तिथे लिहून देता. अपात्र असताना घेतलेल्या पैशाची वसुलीही निघते, आणि ती एकदम निघते.

दाखला हाती आला की त्याची प्रत तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. "मॅडम, एवढ्यावर शिक्का मारून द्या" म्हटलं की देतात. नाही दिलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, त्याच फेरीत त्याचा महिना विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा: मंजुरीचा आदेश, प्रमाणपत्र, यूडीआयडी, उत्पन्नाचे मागचे दाखले, मालकाचा कागद, पोच, आणि वही. गावात कोणी म्हणाला, "हा तं काम करते, मंग निराधार कसा?" तर वाद घालू नका. योजनेचं नावच असं ठेवलं आहे की ज्याला थोडाही आधार मिळाला त्यानं लाजावं. फाइल दाखवायची ती पटवाऱ्याला, गावाला नाही.

नोकरीऐवजी घरचं काम

सगळ्यांना एसटीनं जाणं जमत नाही. शिवणयंत्र, शेळ्या, चक्की, किराण्याचा ठेला, ऑनलाइन फॉर्म भरणं, वरूड-मोर्शीकडे संत्र्याची छाटणी, असं बरंच आहे. रोजगार हमीच्या कामावरही दिव्यांगांना पाणी पाजणं, लहान पोरं सांभाळणं अशी हलकी कामं देता येतात आणि मजुरी इतरांएवढीच असते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दर दिवसाला ३१२ रुपये होता. वीस दिवस केले तर वर्षाच्या हिशेबात ६,२४० लिहा, विसरू नका.

धंद्याला पैसे हवेत तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के तिनं दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत लेखी मागितलं तरच निघतात. मोठं काही करायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खेड्यातल्या दिव्यांगाला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. बाकी बँकेचं कर्ज. बँक काय म्हणते हा भाग मोठा आहे, तिथे धीर धरा. उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, दिव्यांगांचा बचत गट पाच जणांचाही होतो, दहा जमवत बसायची गरज नाही. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळही कर्ज देते.

धंद्यात उत्पन्न म्हणजे गल्ला नाही. दोन शेळ्या १६,००० ला विकल्या आणि चारा-औषधाला ५,००० गेले, तर ११,०००. पण खर्चाची चिठ्ठी ठेवली तरच ते ११,००० धरले जातील.

कमाई रेषेच्या वर गेली तर

जाऊ द्या. महिन्याला पाच हजारांच्या वर पक्कं, वर्षभराचं काम असेल तर पगार सोडून पुढे जाणंच फायद्याचं. फक्त एक लक्षात ठेवा, हा पगार थांबवून ठेवता येत नाही. काम सुटलं तर पुन्हा नवा अर्ज, नवा दाखला, तालुका समितीची बैठक आणि मंजुरी. त्यात महिने जातात. म्हणून सोडण्याआधी सहा महिन्यांचे, म्हणजे १५,००० रुपये, पोस्टात बाजूला ठेवा.

आमच्या शेजारच्या गावात एक बाई आहे, दोन्ही पाय पोलिओचे. शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं आणि महिन्याला आठ-नऊ हजार यायला लागले. ती स्वतः तहसीलीत गेली. पगार सुरू करायचा छापील अर्ज असतो, बंद करायचा शोधून सापडला नाही. साध्या कागदावर लिहिलं, माझं उत्पन्न वाढलं आहे, माझे पैसे पुढच्या महिन्यापासून बंद करावे. खिडकीतल्या बाबूनं ते दोनदा वाचलं. "बंद करा म्हणता, ताई?" मग बाजूच्याला बोलावून त्यालाही वाचायला दिलं. शेवटी शिक्का शोधून पोच दिली. ती पोच तिनं प्लास्टिकमध्ये मढवून घेतली आहे आणि शिवणयंत्राच्या वर, मापाच्या टेपशेजारी लावली आहे.